सरासरी वय साडेचार

मिरजगाव,
मार्गशीर्ष शुद्ध तृतीया

श्री. रा. रा. श्रीमंत दाजी यांच्या सेवेशी, मिरजगावाहून तुमचा मेहुणा गहिनीनाथ याचा दोन्ही हात जोडून नमस्कार.

इकडे आम्ही सर्व जण शरीराने सुखरूप आहोत. मनाचं पुढे येईलच. तुमच्या डाव्या गुडघ्याचं काय झालं? आक्काचं रक्तदाब मोजायचं यंत्र तुम्ही स्वतःच उघडून दुरुस्त केलंत असं कळलं. त्यानंतर तिचा दाब उतरला की यंत्रानेच मान टाकली, हे सवडीने कळवावं. नागापूरच्या कारखान्यातली तुमची रात्रपाळी बंद झाली, हे उत्तम झालं. (आक्काचं म्हणणं, तुम्ही दिवसभर घरात असलात की तिला पाळी लागते. पण हे तिचं मत आहे; मी केवळ पोचवणारा.)

फोन सोडून पत्र का, असं तुम्ही म्हणाल. दाजी, तुम्ही फोन स्पीकरवर टाकता. शिवाय पहिल्या वाक्याला तुम्ही "बरं" म्हणता, दुसऱ्याला "बरं बरं" म्हणता आणि तिसरं सुरू व्हायच्या आत फोन आक्काच्या हातात देता. मला आज तिसऱ्याच्या पुढची बरीच वाक्यं सांगायची आहेत आणि ती तुमच्या शेजाऱ्यांनी ऐकावीत अशी नाहीत. म्हणून कागद. बसून वाचा. जमल्यास पाणी पिऊन वाचा.

गेले नऊ दिवस मी सुन्न आहे. मी काही भित्रा माणूस नाही. पंचवीस वर्षं कॉलेजात संस्कृत शिकवतो आहे, त्यातली शेवटची सहा वर्षं वर्गात एकूण दोन विद्यार्थी असतात आणि त्यातला एक चुकून आलेला असतो. तरी माझं चित्त ढळलेलं नाही. पण मागच्या रविवारच्या आदल्या रविवारी ज्योती आली. पुण्याहून निघालेली पोर नागापूरला आईबापाकडे न जाता थेट मामाकडे येते, यावरूनच मला शंका यायला हवी होती. पण तिने पिशवीतून बाकरवडीचा पुडा काढला आणि माझी अनुमानशक्ती तिथेच संपली. चहा झाल्यावर तिने चार छापील पानं माझ्यापुढे ठेवली आणि म्हणाली, "मामा, एवढं वाचा. आणि पप्पांना काही सांगू नका." मी वाचलं, आणि आता तुम्हाला सांगतो आहे. भाचीला दिलेला शब्द मोडल्याचं पाप माझं. बाकीच्या पापात आपण दोघे भागीदार आहोत, ते कसं हे क्रमाने येतं.

आधी ज्योती काय करते ते सांगतो, कारण तुम्ही सगळ्यांना "ती पुण्याला कोरोनावर मोठं काहीतरी करते" एवढंच सांगता. तुम्ही आयुष्यभर लोखंडात रमलात, म्हणून थोडी आठवणही देतो. घोडेगावच्या बैलबाजारात भाव तोंडाने बोलत नाहीत. घेणारा आणि दलाल एका उपरण्याखाली हात घालतात आणि एकमेकांची बोटं दाबून आकडा ठरवतात. बघणाऱ्याला फक्त फडकं हललेलं दिसतं. कोरोनाच्या वर्षी बोलवा उठली की या बोटांतूनच रोग पसरतो. बाजार बंद झाला, पुन्हा सुरू झाला, पण दलालांच्या अंगाला चिकटलेली बोलवा सुटली नाही. खरं काय ते बघायला ज्योती दीड वर्ष त्या बाजारात उन्हातान्हात फिरली. तीनशे ऐंशी माणसं गाठली, कोण उपरण्याखाली हात घालत होता आणि कोण नव्हता हे विचारलं, सगळ्यांच्या रक्ताचे तपास केले. आणि तिला सापडलं असं की, बोटांचा काही संबंधच नाही. हात घालणारे आणि न घालणारे सारखेच आजारी पडले. रोग आला तो टेम्पोच्या बंद केबिनमध्ये पाच-पाच जण दाटीने बसून. म्हणजे बोटांपुरतं तिला काहीच सापडलं नाही, आणि काहीच न सापडणं हेच तिचं सापडणं होतं. (आमच्या शास्त्रात अभाव हा सातवा पदार्थ मानलेला आहे. संशोधनाची मासिकं छापणारे मात्र सहावरच थांबतात.) चार मासिकांनी "यात नवीन काय" म्हणून तिचा लेख परत केला. पाचव्याने चौदा महिने ठेवून घेतला. आणि तिच्या गाइडबाईंची अट अशी की, एक लेख छापून आल्याखेरीज प्रबंध पुढे जाणार नाही. तिची मुदत या इंग्रजी महिन्याच्या अखेरीस संपते. पाच वर्षांचं काम आहे, दाजी. लेख आला तर डॉक्टर, नाही तर पुन्हा पहिल्यापासून.

आता त्या चार पानांत काय होतं? पाचव्या मासिकाने नेमलेल्या परीक्षकाचा अभिप्राय होता. लेख तपासणारा हा माणूस निनावी असतो. तो लिहितो (मराठी माझं): लेखिकेने या विषयातल्या पायाभूत अभ्यासाकडे दुर्लक्ष केलं आहे. त्या अभ्यासात ह्याच बाजारातल्या चारशे बारा बालकांवरून असं सिद्ध झालं आहे की, हस्तस्पर्श थांबवल्याने सत्त्याण्णव पूर्णांक तीन टक्के संरक्षण मिळतं. लेखिकेचे निष्कर्ष याच्याशी जुळत नाहीत. एक तर कारण द्यावं, नाही तर निष्कर्ष बदलावेत.

निष्कर्ष बदलावेत, हे वाचून मी संतापलो. कोण हा पायाभूत गाढव, असं मी मोठ्याने विचारलं. ज्योतीने पान उलटून खालच्या ओळीवर बोट ठेवलं. तिथे छापलं होतं: गहिनीनाथ व इतर अठरा, २०२०. (आडनावाच्या रकान्यात नाव पडलं आहे. पण त्या लेखातली ही सगळ्यात किरकोळ चूक, हे पुढे पटेल.)

दाजी, तो लेख आपला. आणि त्या इतर अठरांत तिसरे तुम्ही.

तो कसा झाला हे आठवा. टाळेबंदीत आमच्या संस्थेचे अध्यक्ष आबासाहेब यांनी फर्मान काढलं की, प्रत्येक प्राध्यापकाने कोरोनावर किमान एक शोधनिबंध छापून आणावा, विषय कोणताही असो. परवा ग्रंथालयात बसून मी मोजलं: त्याच्या आदल्या वर्षी आमच्या सबंध कॉलेजाचे तीन लेख होते आणि पुढच्या दोन वर्षांत चौऱ्याहत्तर. भूगोलाने कोरोना आणि कर्जत तालुक्यातलं पर्जन्यमान लिहिलं, वाणिज्यने कोरोना आणि किराणा लिहिलं, मराठीवाल्यांनी कोरोना आणि ओवीतली स्त्री लिहिलं. त्या चौऱ्याहत्तरांत बायकांचे लेख दोन. मी विचारलं तेव्हा भौतिकशास्त्राच्या मोनिका मॅडम म्हणाल्या, "सर, तेव्हा आम्ही पण प्रयोगच करत होतो. एका मोबाईलवर दोन पोरांची शाळा, दुसऱ्यावर सासूबाईंचं कीर्तन, आणि कुकर." जगभर असंच झालं म्हणे. घरात कोंडलेल्या पुरुषांनी लेख लिहिले आणि त्यांना चहा कुणी दिला, हे कोणत्याच लेखाच्या तळटीपेत नाही.

मी माझ्यापरीने निरुपद्रवी विषय घेतला होता: हाताच्या मुद्रांची परंपरा आणि घोडेगावचा उपरण्याखालचा सौदा. दहा पानं, सुबोध, कुणालाही झोप येईल असा. शेवटी एकच वाक्य सैल सुटलं की, हा स्पर्शव्यवहार थांबल्याने रोगाला आळा बसला असणं शक्य आहे. आमचे संख्याशास्त्राचे छगन सर मसुदा वाचून म्हणाले, "सर, आकड्याशिवाय लेख शास्त्रीय दिसत नाही. बाजाराचे काही कागद मिळतील का?" घोडेगावचा वाल्मिक, दहावीपर्यंत माझ्याच बाकावर बसलेला आणि आता बैलांचा दलाल, त्याच्याकडे बंदच्या आधीच्या बाजारांच्या पावत्यांची चळत होती. ती मी छगन सरांना दिली आणि हात झटकून मोकळा झालो. ते आकडे घालतील, ते इंग्रजी करतील, ते पाठवतील, असं ठरलं.

मग आली लेखकांची यादी. फॉर्मवर लिहिलं होतं, हातभार लावणाऱ्या सर्वांची नावं द्यावीत. हे वाचल्यावर आबासाहेबांनी जे करायचं तेच केलं, जे आपल्याकडे लग्नपत्रिका छापताना करतात. कोणी राहता कामा नये, उद्या तोंड दाखवायचं आहे. सर्वांत वर त्यांचे वडील, संस्थापक कै. कानिफनाथ, कारण आशीर्वाद तिथून सुरू होतो. मग संस्थेचे पदाधिकारी, मग प्राचार्य, मग वर्तणूक बघून प्राध्यापक, आणि शेवटी आबासाहेबांचा सहावीतला नातू, किलबिल म्हणून. मासिकवाल्यांनीच कळवलं की, पहिलं नाव ज्याने लिहिलं त्याचं हवं, म्हणून मी वर चढलो आणि कैलासवासी दुसरे झाले.

तुमचा हातभार म्हणजे पायाने दाबायचा सॅनिटायझरचा स्टँड. तो तुम्ही नागापूरला वेल्डिंग करून कॉलेजाला दिलात, ही गोष्ट खरी आणि उपकाराची. त्याबद्दल तुमचं नाव बारावं होतं. ते आबासाहेबांच्या ड्रायव्हरच्या खाली आलं म्हणून त्या दिवाळीत तुम्ही माझ्याकडे जेवायला तयार नव्हतात. पाटावर बसलात, पण लाडवाला हात लावला नाहीत. आक्का स्वयंपाकघरात येऊन मला म्हणाली, "गहिन्या, काय ते नाव वर कर बाबा, मला ह्यांना घेऊन अजून तीन घरी जायचंय." मी छगन सरांना फोन केला. पानं वाढेपर्यंत तुम्ही तिसरे झालात आणि तुम्ही चार लाडू खाल्लेत. मी हसलो होतो, दाजी. आता त्या हसण्याचं मला आश्चर्य वाटतं.

लेख मंगळवारी गेला, बुधवारी तपासला गेला, गुरुवारी स्वीकारला. दोन परीक्षक होते. एकाने लिहिलं, छान. दुसऱ्याने लिहिलं, पुढील चार लेखांचा उल्लेख करावा. ते चारही त्याचेच असावेत. नंतर मासिकाकडून प्रत्येक लेखकाला सोनेरी कडा असलेलं प्रमाणपत्र आलं, त्यावर आंतरराष्ट्रीय संशोधक असं लिहिलेलं. तुम्ही ते फ्रेम करून बैठकीत टीव्हीच्या वर लावलंत. मी त्यावर बढती घेतली. म्हणजे फ्रेम तुमची मोठी, फायदा माझा मोठा, फिट्टंफाट.

आता माझ्या आयुष्यातला सर्वांत लाजिरवाणा भाग. त्या रविवारी, ज्योतीसमोर बसून, पाच वर्षांनी, मी माझा लेख पहिल्यांदा वाचला. तोवर मी पहिलं पानच पाहिलं होतं, नावांचं. चौकशी केली तेव्हा कळलं की सगळ्यांनी तेवढंच पाहिलं होतं. आम्ही एकोणीस जणांनी मिळून एक पान वाचलं.

तक्ता क्रमांक एक: सहभागी व्यक्ती चारशे बारा; सरासरी वय साडेचार वर्षे.

मी चष्मा पुसला. मग तक्ता दोन: निरोगी चारशे एक, लक्षणे आढळलेले अकरा. मग तक्ता तीन, त्या अकरांची लक्षणं: चिडचिड सात, थकवा चार. मी ज्योतीकडे पाहिलं. ती म्हणाली, "मामा, मी बाजाराच्या शेकडो पावत्या पाहिल्यात. नाव घेणाऱ्याचं असतं. त्याच्यापुढचं वय, तब्येत आणि खोड, हे बैलाचं असतं."

दुसऱ्या दिवशी मी छगन सरांना गाठलं. ते गडबडले नाहीत. म्हणाले, "सर, रकान्यावर वय असं लिहिलं होतं. कुणाचं ते लिहिलं नव्हतं." मी म्हटलं, साडेचार वर्षांचं माणूस बैल घ्यायला बाजारात येतं का? ते म्हणाले, "तेव्हा लॉकडाऊन होतं सर. काहीही होत होतं." खोडीच्या रकान्यात मारका असं होतं, त्याचं त्यांनी टाळेबंदीच्या एकाकीपणातून आलेली चिडचिड असं केलं होतं. औताला बसतो, म्हणजे जुंपला की खाली बसकण मारतो, असं होतं, त्याचा थकवा झाला. पंचवीस वर्षं मी भाष्यं वाचतो आहे. मुळापासून इतकं दूर गेलेलं भाष्य मी पाहिलेलं नाही.

इथे तुम्ही म्हणाल, एवढं काय त्यात, कोण वाचतं हे? मीही तेच म्हटलं आणि तेच चुकलं. ज्योतीने मोबाईलवर दाखवलं की, आपल्या लेखाचा आधार आजवर एकसष्ट लेखांनी घेतला आहे. एका परदेशी लेखात बारा देशांतले अभ्यास एकत्र केले आहेत; त्यात भारताच्या वतीने आपले बैल बसले आहेत. त्यांचा निष्कर्ष असा की, पाच वर्षांखालच्या ग्रामीण बालकांत थकव्याचं प्रमाण अत्यल्प असतं. त्या एकसष्टांपैकी बहुतेकांनी मूळ लेख उघडलेलाच नाही. एकाने दुसऱ्यावरून घेतलं, दुसऱ्याने तिसऱ्यावरून, आणि तिसऱ्याने पुन्हा पहिल्यावरून. आमच्याकडे याला चक्रक दोष म्हणतात: हा त्याच्यावर उभा, तो तिसऱ्यावर, तिसरा ह्याच्यावर, जमिनीला पाय कुणाचाच नाही. पाय होते ते फक्त आमच्या सहभागींना, आणि तेही प्रत्येकी चार.

बुधवारी यादी घेऊन मी घोडेगावला वाल्मिककडे गेलो. लेखाच्या शेवटी छगन सरांनी सगळ्या सहभागींची नावनिशी छापली आहे, पुरावा असावा म्हणून. वाल्मिकने बोट फिरवत ती वाचली आणि सदतिसाव्यावर थांबला. "ह्यो तर माझ्या हातनं गेलेला. लई मारका हुता. ह्याला काय झालं म्हनं?" मी वाचून दाखवलं: एकाकीपणातून आलेली चिडचिड. वाल्मिकने विचार केला. "एकटा कुठं हुता मास्तर? गोठ्यात तिघं हुते."

मी हसलो. तो हसला नाही. म्हणाला, "ह्योच ल्येख पेपरात आला हुता तवा. बोटांनी रोग पसरतो म्हनून. मास्तर, दोन वर्सं मानसं आमाला बघून तोंडाला फडकं लावायची. सोयऱ्याच्या लग्नात मला येगळं बसवलं जेवायला. मला वाटलं, कुनी मोठा शानाच असंल लिवनारा. तुमी हुता व्हय?" त्याने चहा मागवला आणि पुढे म्हणाला, "तुमची भाची आली तवा पयल्यांदा कुनी इचारलं तरी आमाला. न्हाईतर नुसतं सांगत्यात." चहा मी प्यायलो, दाजी. कसा ते विचारू नका. मी आजवर समजत होतो की माझ्या लिखाणाने कुणाचं वाकडं होत नाही, कारण ते कुणी वाचत नाही. हा माझा एकमेव सद्गुण होता, तोही गेला.

परत आल्यावर मी ज्योतीला फोन केला आणि विचारलं, हा लेख खोटा आहे असं तू त्या परीक्षकाला सरळ का लिहिलं नाहीस? चौदा महिने तू "नमुना वेगळा होता, वयोगट वेगळा होता" अशी गुळमुळीत उत्तरं का देत राहिलीस? ती आधी टाळत होती. मग म्हणाली, "काय लिहू मामा? पहिलं नाव तुमचं. तिसरं पप्पांचं. पाहुणे आले की पप्पा त्यांना त्या फ्रेमखाली बसवतात आणि मग पाणी देतात. मी छापून काय सांगू, की माझ्या बापाने बैलांची पोरं केली?" मला सर्वांत मोठा धक्का बसला तो इथे. बैल सोडा. पोरीला पहिल्या दिवसापासून सगळं माहीत होतं, आणि तुमची एक फ्रेम हलू नये म्हणून ती स्वतःची पाच वर्षं घालवायला निघाली होती.

तेव्हा लेख मागे घ्यायचा, हे मी ठरवलं. मासिकाने कळवलं की त्याला सर्व लेखकांची संमती लागते. (छापताना लागली नव्हती.) आबासाहेब सुरुवातीला ऐकेनात. संस्थेची अब्रू, जगात एकसष्ट ठिकाणी आपलं नाव, असं बरंच बोलले. मी शांतपणे यादी उघडली आणि दोनशे आठवा सहभागी वाचला: आबासाहेब, वय सहा वर्षे, लक्षण थकवा. त्या बाजारात त्यांनी एक खिलारी बैल घेतला होता आणि तो औताला बसत होता, ही गोष्ट त्यांनी पाच वर्षं पंचक्रोशीपासून लपवून ठेवली आहे. त्यांनी यादी माझ्या हातातून घेतली, दोनदा वाचली. "हे छापलंय? इंग्रजीत?" मी हो म्हटलं. "परदेशात पण?" मी पुन्हा हो म्हटलं. ते म्हणाले, "काढा. आजच काढा. लेख खोटा आहे ते ठीक, पण हे असं बाहेर जायला नको." सत्याचा विजय झाला, कोणत्या वाटेने आला ते आपण बघू नये. मग त्यांच्या एका शब्दावर बाकीच्यांनी दोन दिवसांत संमत्या दिल्या. ड्रायव्हरने तर गाडी चालवता चालवता दिली, त्याबद्दल मी त्याला बोललो.

माझ्या बढतीचं म्हणाल तर त्या लेखाचे गुण वजा करून फेरमोजणी करावी, असा अर्ज मी स्वतःच दिला आहे. प्राचार्यांनी तो वाचून मला बसायला खुर्ची दिली आणि डॉक्टरांना फोन करू का, असं विचारलं. असा अर्ज त्यांच्याकडे यापूर्वी आलेला नाही.

बाकी इकडे थंडी बऱ्यापैकी आहे, हुरड्याला अवकाश आहे. पत्र केवळ खुशालीचं आहे, मागणं काही नाही. आक्काला नमस्कार, तुमच्या गुडघ्याला तेल, आणि लोभ आहेच तो या पत्रानंतरही राहावा, इतकंच.

तुमचा मेहुणा,
गहिनीनाथ

ता. क. मागणं काही नाही असं वर लिहिलं ते शिष्टाचार म्हणून. मागणं आहे. एकोणिसांपैकी अठरांची संमती आली. त्यात कै. कानिफनाथही आहेत: लेख पाठवताना छगन सरांनी त्यांच्या नावाने ईमेल उघडलं होतं, त्याचा ओटीपी अजून आबासाहेबांच्या जुन्या फोनवर येतो. तेव्हा कैलासवासींची संमती परवा दुपारी दोन मिनिटांत आली. नागापूरची अजून यायची आहे. मासिकाचं पत्र तुमच्या ईमेलवर चार दिवस पडून आहे. ते उघडा, खाली निळं बटण आहे, ते दाबा. जमलं नाही तर कारखान्यात कुणाकडूनही दाबून घ्या, पण कारण सांगू नका. सोमवारपर्यंत झालं तर ज्योती परीक्षकाला सरळ लिहू शकेल की तो लेख आता अस्तित्वात नाही, आणि तिचा लेख महिनाअखेरच्या आत जाईल. तुम्ही दाबलं नाहीत तर ती तुम्हाला काही म्हणणार नाही. तीच तर अडचण आहे.

आणखी ता. क. ती शनिवारी घरी येते आहे. मी हे पत्र लिहिल्याचं तिला ठाऊक नाही. टीव्हीच्या वरची ती जागा रिकामी दिसली तर तिला कळेल. तुम्हाला तोंडाने काही बोलावं लागणार नाही. (बोललात तरी चालेल. बापाने एकदा बोलल्याने गुडघ्यावर ताण येत नाही.)

शेवटचं ता. क. हे लिहावं की नाही याचा मी रात्रभर विचार केला. काल ज्योतीने तिच्या लेखाची सुधारलेली प्रत पाठवली. इतकं सगळं होऊन, वाल्मिकचा तो चहा पिऊन, मी फाइल उघडली आणि आधी नावं पाहिली. लेखिका म्हणून ती एकटी आहे. मग मी शेवटी आभारांत गेलो. तिथे वाल्मिक आहे, बाजारातली आणखी सात माणसं आहेत, चहावाला आहे. मी नाही. दोनदा पाहिलं. तुम्हीही नाही, तुमच्यासाठी एकदा पाहिलं. तेव्हा शोधण्यात तुमचा वेळ जाऊ नये म्हणून कळवलं. तो बटण दाबण्यात घालवावा.

गहिनीनाथ